पहिली मागणी आणि डोंगरातलं घर

"वहिनी, तुम्ही फक्त हसायचं, दार उघडायचं आणि कुणालाही कशालाही हात लावू द्यायचा नाही. बाकी सगळं मी बघते."

वन्संचं हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. "बाकी सगळं मी बघते" असं म्हणून वन्संनी आजवर जे जे हातात घेतलं, ते त्यांनी शेवटपर्यंत बघितलं यात वाद नाही. निस्तरलं मात्र आम्ही.

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. डोंगरातल्या लोकांच्या राहणीचं जे सरकारी संग्रहालय आहे, त्याच्या त्या प्रमुख. तिथे घोंगड्या आहेत, गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा आहेत, लोणी काढायच्या रव्या आहेत, आणि मधल्या मोठ्या दालनात एक आख्खं घर आहे. चित्र नव्हे, खरं घर. दगडाच्या भिंती, गवताचं छप्पर, आत चूल, वर माळा. वन्सं नोकरीला लागल्या तेव्हा त्यांनी ते डोंगरावरून दगड न् दगड उतरवून आणलं आणि छताखाली पुन्हा उभं केलं. घरात घर बांधलं, असं आमचे हे म्हणतात. वन्संचं लग्न झालं नाही म्हणून नातेवाईक हळहळतात. मला विचाराल तर त्यांचं लग्न झालेलं आहे, त्या घराशी; आणि बऱ्याच लग्नांपेक्षा बरं चाललंय.

पण मुख्य कचेरीतल्या साहेबांनी त्या संसारात खोडा घातला. साहेबांचं म्हणणं, घरानं जागा फार अडवली आहे. मुलं येतात, दारातून डोकावतात, "आत काय आहे?" विचारतात, उत्तर ऐकायच्या आत "डबा कधी खायचा?" विचारतात. त्यापेक्षा घर मोडून गोदामात टाकावं आणि तिथे मोठा पडदा लावून डोंगराची फिल्म दाखवावी. वन्सं भांडल्या. शेवटी साहेब म्हणाले, "ठीक आहे. एक शाळा बोलवा. मी स्वतः येऊन बघतो. मुलं त्या घरात रमली तर घर राहील. नाहीतर पडदा."

मुलांना माहिती सांगायला माणूस हवा. तिथली मार्गदर्शकाची जागा वर्षानुवर्षं रिकामी. वन्सं स्वतः सांगतात तेव्हा पुढच्या रांगेतली मुलं दचकून रडतात, इतका त्यांचा आवाज आहे. म्हणून आल्या माझ्याकडे.

आता माझा आवाज. तो आहे, एवढंच त्याच्याबद्दल खात्रीनं सांगता येईल. भाजीवाला मला "काय म्हणालात?" असं विचारत नाही, तो सरळ अंदाजानं भाजी देतो आणि मी ती आणते. आवाज चढवायचा नाही हा माझा नेम आहे, असं मी लोकांना सांगते. न चढणाऱ्या आवाजाचा नेम पाळायला फारसे कष्ट पडत नाहीत, हे देवाला ठाऊक आहे, पण त्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

बातमी आमच्या जिन्यात पसरली आणि सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलायची सवय करा. आवाज सुटतो." मी करून पाहिलं. आवाज सुटला नाही, चष्मा सुटला, तो हंड्यात. समोरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "मुलांना माहिती लागत नाही हो, शिस्त लागते," आणि त्यांनी त्यांची जुनी शिट्टी मला देऊ केली. ती त्यांच्या तोंडात इतकी वर्षं राहिलेली होती की मी ती दोन बोटांत धरून घरी आणली आणि फडताळात अगदी मागे ठेवून दिली. त्यांच्यासमोर मी भाषणाची तालीमही केली. घोंगडीपासून सुरुवात केली. घंटांपर्यंत पोचले तेव्हा त्यांची मान छातीवर होती.

"झोपलात का हो?" मी विचारलं.

"छे! एकाग्र झालो होतो," ते म्हणाले. "फार परिणामकारक. फक्त काय बोललात ते तेवढं ऐकू आलं नाही."

शाळा मिळवणं ही आणखी एक तऱ्हा. पहिल्या शाळेनं अर्ज केला, तर कचेरी म्हणाली अर्ज पालकांच्या संमतीसह हवा. पालकांनी संमती दिली, तर कचेरी म्हणाली आता तारीख उलटली, नवा अर्ज करा. नवा अर्ज केला, तर शाळा म्हणाली आम्ही मुलांना कारंजं बघायला नेऊन आणलं. दुसऱ्या शाळेला मात्र वन्संनी फोन केला, तोही फोन तोंडाजवळ धरून. त्या शाळेनं लगेच होकार दिला. धाक वेगळा आणि परवानगी वेगळी, पण कामं दोन्हींनी होतात.

इथे मला माझ्या आणखी एका नेमाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळे घडलं. सकाळी देवापुढे दिवा लावला की त्यानंतर जो कुणी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागेल, त्याला नाही म्हणायचं नाही. देव कुणाच्या तोंडून मागेल ते आपल्याला कळत नाही, म्हणून हा नेम. फार मोठा नेम आहे, असं लोक म्हणतात. खरं तर यांच्यामुळे तो सोपा झालेला आहे. मी दिवा लावून वळले, की हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "चहा देतेस?" झाली पहिली मागणी. ती मी पुरवते आणि दिवसभर मोकळी. मग कुणीही काहीही मागो, नाही म्हणायला मला कुणाची भीती नाही. लग्न झाल्यापासून देव माझ्याकडे रोज कमी साखरेचा चहाच मागत आला आहे, आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

शाळा यायची होती त्या दिवशी मी दिवा लावला, हात जोडले आणि वळले. हे समोर उभे. हातात दोन कप.

"आज तुझा मोठा दिवस," हे म्हणाले. "म्हटलं, आज चहा मी करतो."

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाला आजच प्रेमाचा उमाळा यावा! माझ्या पायाखालची जमीन सरकली. पण इतक्या कौतुकानं आणलेल्या चहाला काय बोलणार?

"अहो, काहीतरी मागा ना," मी म्हटलं.

"काही नको गं. तू बस."

"पेपर देऊ का?"

"आणला मी."

"चष्मा?"

"डोळ्यावर आहे. आज तुला कशाचाही त्रास नाही," असं म्हणून त्यांनी माझ्यासमोर बिस्किटंही ठेवली.

शिवाय मी सुचवलेलं चालत नाही. समोरच्यानं आपणहून मागायला हवं, हाही नेमातलाच भाग. म्हणजे मी भरलेली बंदूक घेऊन घराबाहेर पडले म्हणा ना. जिन्यात काकू भेटल्या. काकू रोज काहीतरी मागतात. विरजण मागतील, कात्री मागतील, आमची शिडी तर त्यांच्याकडेच राहते. मी आशेनं थांबले. काकू म्हणाल्या, "आज मी तुमच्याकडे काही मागणार नाही. आज फक्त शुभेच्छा!" आणि वर गेल्या. हेडमास्तर शिट्टी परत मागतील असं वाटलं, तर म्हणाले, "ठेवा. तुम्हालाच शोभेल." बसमध्ये एक तरुण माझ्या बाजूला उभा होता. जागा मागेल म्हणून मी त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं जरा वेळानं तोंड फिरवलं आणि पुढच्या थांब्याला उतरला. माझ्या वयाच्या बाईला हा अपमानच, पण त्या सकाळी मला अपमानाला वेळ नव्हता.

संग्रहालयाच्या दारात साहेब उभे होते. इस्त्रीचा सदरा, हातात मोजपट्टी. पडद्यासाठी भिंत मोजायची तयारी करूनच आले होते.

"नमस्कार," मी म्हटलं. "पाणी हवं का?"

"नको."

"बसायला खुर्ची?"

"उभाच बरा आहे."

"काहीच नको?"

साहेबांनी वन्संना बाजूला घेऊन विचारलं, "या बाई मला लाच द्यायचा प्रयत्न करताहेत का?"

तेवढ्यात मुलं आली. मुलं आली म्हणजे काय झालं ते सांगणं कठीण आहे. बांध फुटल्यावर पाण्याला रांग नसते. त्यांच्याबरोबर एक मास्तर होते. त्यांचा चेहरा असा होता की त्यांना कुणीतरी कुठेतरी जरा बसू द्यावं, एवढीच त्यांची आयुष्याकडून अपेक्षा होती. वन्संनी गर्जना केली, "शांत!" मुलं शांत झाली, दोघं रडली. मग वन्सं साहेबांना घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या, तिथूनच त्यांना सगळं दिसेल म्हणून. जाताना मला डोळ्यांनी बजावून गेल्या.

मी हसले. दार उघडलं. मुलांना घरात नेलं. आत अर्धा उजेड, शेणमातीची जमीन, मधोमध चूल, चुलीशेजारी रचून ठेवलेली लाकडं. मी बोलायला लागले. मागून आवाज आला, "ऐकू येत नाही!" मग दुसरा, "आजी, तुमचा आवाजच येत नाही!" आजी! मी स्वतःला मावशी समजत होते, निदान पहिल्या भेटीत तरी. पण मोठ्यानं बोलणं मला जमत नाही, म्हणून मी आहे त्याच आवाजात पुढे बोलत राहिले, इथे कोण झोपायचं, बर्फ पडला की वासरं कुठे बांधायची, म्हातारी माणसं चुलीच्या कुठल्या बाजूला बसायची. आणि मुलं पुढे सरकायला लागली. ऐकू येण्यासाठी त्यांना एकमेकांना गप्प करावं लागलं, आणि गप्प व्हायचं तर बसावं लागलं. बघता बघता सगळा वर्ग माझ्या गुडघ्यांना टेकून चुलीभोवती बसला. कुणी डब्याचं नाव काढलं नाही. मला वाटलं, जमलं.

आणि पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी हात वर करून म्हणाली, "आजी, ही चूल पेटवून दाखवा ना."

दिवा लावल्यापासून माझ्याकडे कुणी मागितलेली ही पहिली गोष्ट.

मी मनातल्या मनात देवाशी थोडा वाद घातला. म्हटलं, ही मागणी आहे की सूचना? मुलगी म्हणाली, "प्लीज." वाद मिटला. मी आशेनं मास्तरांकडे पाहिलं. ते घराच्या उंबऱ्यावर बसले होते, पाय लांब केले होते. "मास्तर, तुमची काही हरकत?" त्यांनी डोळे न उघडता हात हलवला. "करा, करा. मुलं बसली आहेत ना? मग काहीही करा."

काडेपेटी माझ्या पिशवीत नेहमीच असते, वातींबरोबर. लाकडं इतकी वर्षं वाळत पडलेली, एका काडीत पेटली. ज्वाळा वर आली आणि मुलांच्या तोंडून एकदम "आ" निघाला. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं की त्या घराला जाग आली. भिंतीवर सावल्या हलल्या. ऊब आली. दातपडकीनं हात पुढे करून शेकले.

मग धूर आला. डोंगरातल्या या घरांना धुराडं नसतं. धूर माळ्यावर जातो, तिथलं धान्य सुकवतो, किडे पळवतो आणि गवतातून हळूहळू बाहेर झिरपतो, हे मी त्याच सकाळी पाठ केलेल्या माहितीत होतं. ते मी मुलांना सांगितलंसुद्धा. धुरानं ते सगळं केलं, अगदी माहितीबरहुकूम. छपरात इतकी वर्षं निवांत राहिलेले कोळी, पाली आणि आणखी कोण कोण सहकुटुंब खाली उतरले. मुलं आनंदानं किंचाळली. मास्तर उठून उभे राहिले. आणि गवतातून झिरपलेला धूर दालनाच्या छतापर्यंत पोचला, जिथे साहेबांनी गेल्याच वर्षी आगीची सूचना देणारी घंटा बसवून घेतली होती.

ती घंटा वाजायला लागली तेव्हा मला वन्संच्या आवाजातली माया कळली. घंटा बंद करायची पेटी भिंतीवर होती. पेटीला कुलूप होतं. कुलपाची किल्ली मुख्य कचेरीत होती, कारण कुणीही उठून घंटा बंद करू नये असं साहेबांनीच ठरवलं होतं. साहेब जिन्यावरून मोजपट्टी ओढत खाली येत होते, मागून वन्सं.

"घर! माझं घर!" वन्सं ओरडत होत्या.

"मोडा ते! आजच्या आज मोडा!" साहेब ओरडत होते.

मास्तर मुलांना घेऊन अंगणात पळाले. मी माझ्यासाठी आणून ठेवलेल्या तांब्यातलं पाणी चुलीवर ओतलं. विस्तव विझला, पण घंटेला ते कोण सांगणार? बाहेर पडणार, एवढ्यात माळ्यावरून खोकला ऐकू आला. वर दातपडकी बसली होती, धान्याच्या कणगीला मिठी मारून.

मी चष्मा सांभाळत शिडी चढले. "चल बाळ, खाली."

"नाही येणार. ते काका म्हणाले घर मोडणार. मी इथे बसले की मोडता येणार नाही."

दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं, मोडत नाही हं, ये. मला खोटं बोलता येत नाही, आणि धुरात डोळे चोळत बसलेल्या त्या पोरीशी तर मुळीच आलं नसतं. मी म्हटलं, "मोडणार नाहीत असं मला सांगता येत नाही. पण ते कधी पुन्हा उभं राहिलं, तर त्याचा पहिला दगड तू ठेवायचास. मी स्वतः येईन तुला न्यायला."

तिनं विचार केला. "शाळा असताना?"

"शाळा असताना."

"मग गणिताच्या तासाला या," ती म्हणाली आणि खाली उतरली.

तोवर अग्निशमन दलाची गाडी आली होती. जवानांनी नळी घेऊन घराभोवती प्रदक्षिणा घातली आणि आग न सापडल्यानं ते जरा नाराज झाले. त्यांच्या प्रमुखानं वही काढली.

"चूल पेटवली कोणी?"

"मी," मी म्हटलं. घंटेत कुणाला ऐकू गेलं नाही. "मी पेटवली," मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा एका जवानानं मला पाणी आणून दिलं. मी खरं बोलले होते. ते पोचवायची जबाबदारी माझ्या नेमात नव्हती.

"नोंद काय करू?" प्रमुखानं साहेबांना विचारलं. "आग, की खोटी वर्दी?"

"खोटी वर्दी लिहिली तर?"

"तर घंटा चुकीची बसवली असा अर्थ होतो. कुणी बसवली?"

साहेबांनी छताकडे पाहिलं. मग वन्संकडे. मग स्वतःच्या बुटांकडे. "आग होती," ते म्हणाले. "म्हणजे, धग होती."

"धगीला रकाना नाही."

"मग आग लिहा."

"आग कशाला लागली?"

"या घराला."

प्रमुखानं वही मिटली. "मग हे घर इमारतीत ठेवता येणार नाही. आग लागलेली वस्तू छताखाली नको, नियम आहे. बाहेर काढा."

"तेच म्हणतोय मी! गोदामात टाकतो."

"गोदामाला छप्पर आहे ना?"

साहेबांनी मोजपट्टी गुंडाळायला घेतली. आणि तेव्हा वन्सं, ज्यांना मी आयुष्यात कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं, साहेबांच्या आणि माझ्या मधे येऊन अगदी माझ्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "मागे मोकळं अंगण आहे, साहेब. संग्रहातली वस्तू टाकून देता येत नाही आणि छताखाली ठेवता येत नाही. म्हणजे उघड्यावर उभी करावी लागेल. तुम्हीच आत्ता लिहायला सांगितलंत."

घंटा दुपारी किल्ली आल्यावर थांबली. आमच्या जिन्यात मात्र वाजत राहिली. "तुम्ही संग्रहालय पेटवलंत म्हणे," काकू म्हणाल्या, आणि तेव्हापासून त्या माझ्याशी जरा अदबीनं बोलतात. शिडीसुद्धा परत केली. हे म्हणाले, "चूक माझी आहे. आता जन्मात स्वतःचा चहा करणार नाही." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो पश्चात्ताप होता, तसा मी लॉटरी लागलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरच पाहिला आहे. वन्सं मात्र माझ्याशी बोलत नव्हत्या. दगडांवर आकडे घालून, घर उतरवून मागच्या अंगणात नेईपर्यंत त्या माझ्याशी फक्त यांच्यामार्फत बोलल्या. मग एक दिवस आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, अंगणातून डोंगर दिसतो. इतकी वर्षं त्या घराला भिंत दाखवत होते मी." एवढंच. मी चहा टाकला.

पहिला दगड ठेवायचा दिवस ठरला. ठेवणार साहेब. घर वाचवल्याबद्दल त्यांचा सत्कारही होता, फोटोवाले येणार होते. मी वन्संना माळ्यावरचं सगळं सांगितलं.

"अहो, लहान मुलगी ती, विसरली असेल," वन्सं म्हणाल्या. "तिला नंतरचा कुठलाही दगड द्या. दगडादगडात काय फरक?"

"मी पहिला म्हटलं होतं."

"आणि शाळा? त्या मास्तरांनी रजा टाकली आहे नुसतं आपलं नाव ऐकून. नव्यानं अर्ज करा, संमती घ्या... आणि साहेबांना काय सांगू? वहिनी, तुम्ही यात पडू नका. तुम्ही फक्त हसून उभ्या राहा. बाकी सगळं मी बघते."

त्या सकाळी दिवा लागल्यावर यांनी वेळेवर चहा मागितला. मी दिला आणि मोकळी होऊन संग्रहालयात गेले. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. वन्सं आरशासमोर भाषण घोकत होत्या, ते रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. मेजावर पांढरं कापड, आणि कापडावर 'एक' असा आकडा घातलेला तो कोपऱ्याचा दगड, धुऊन पुसून ठेवलेला. फार मोठा नव्हता, आणि तो जागेवर नसला तर सत्कार सुरू होणार नव्हता. मी वाती आणि काडेपेटी एका बाजूला सारली, दगड पिशवीत ठेवला आणि मागच्या फाटकाकडे चालू लागले.

फाटकावरच्या शिपायानं माझ्या वाकलेल्या खांद्याकडे पाहिलं. "ताई, एवढं काय नेताय?"

"दगड," मी म्हटलं.

तो हसला आणि त्यानं फाटक उघडलं.

पिशवी दुसऱ्या हातात घेतली. शाळा फार लांब नव्हती, आणि गणिताचा तास अजून सुरू व्हायचा होता.